‘वन ऑफ द’ नंतरचा तो ‘एस’

गोरेगाव पूर्वेच्या एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव लिहितात :

‘आमच्या सोसायटीत गुजराती, तमिळ आणि बंगाली कुटुंबे बरीच असल्यामुळे सूचना इंग्रजीतच काढाव्या लागतात आणि हे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आले आहे. जूनमध्ये मी फलकावर लिहिले, “वन ऑफ द मेंबर हॅज पार्क्ड हिज कार इन फ्रंट ऑफ द पंप रूम.” दुसऱ्या दिवशी “मेंबर”पुढे लाल शाईने “एस” लिहिलेला दिसला. मी धडा घेतला आणि पुढच्या सूचनेत लिहिले, “वन ऑफ द लिफ्ट्स इन बी विंग आर अंडर रिपेअर.” त्यातल्या “आर”वर काट मारून “इज” झाले. गेल्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसला पाठवायच्या पत्राचा मसुदा सभासदांच्या माहितीसाठी लावला होता. त्यात वाक्य होते, “अवर बिल्डिंग इज वन ऑफ द बिल्डिंग्ज इन द लेन दॅट हॅव कम्प्लीटेड थर्टी इयर्स.” त्यातला “हॅव” खोडून “हॅज” केला गेला. हे लाल पेन पाचव्या मजल्यावरच्या, बारावीत शिकणाऱ्या मुलीचे आहे, असे वॉचमनने सांगितले. मला राग नाही, पण गोंधळ मात्र खूप आहे. “वन” म्हणजे एक, तर पुढे अनेकवचन कशाला? आणि अनेकवचन हवेच असेल, तर क्रियापद एकवचनी का? एकदाच नीट समजावून सांगावे.’

सचिव महोदय,

सस्नेह नमस्कार. निकाल आधी सांगतो, म्हणजे पुढचे वाचन निवांतपणे होईल : पहिल्या दोन ठिकाणी ती मुलगी बरोबर आहे आणि तिसऱ्या ठिकाणी तुम्ही बरोबर आहात. तुमचा तिसऱ्या वेळचा ‘हॅव’ तुम्ही समजून लिहिला की चुकून उतरला, हे मला ठाऊक नाही. पण तो तिथे असायलाच हवा होता, आणि का, हे सांगण्यासाठी पहिल्या दोन वाक्यांतून जावे लागेल.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात शोधण्याआधी तुमच्याच तोंडच्या भाषेत शोधावे, असे मी सुचवीन. पंप रूमसमोर गाडी लावणाऱ्याविषयी जरा औपचारिक मराठीत लिहायचे झाले, तर तुम्ही ‘सभासदांपैकी एकाने’ असे लिहाल. ‘सभासदापैकी एकाने’ असे तुम्ही चुकूनही लिहिणार नाही, आणि कोणी लिहिलेच तर छपाईची चूक समजून वाचणारा पुढे जाईल. ‘पैकी’ हा शब्द अनेकांच्या घोळक्याशिवाय उभाच राहत नाही, कारण ज्यातून एक उचलायचा ते अनेक असल्याखेरीज उचलणार काय? ‘सभासदांपैकी’ यातल्या ‘दा’वरचा तो अनुस्वार म्हणजेच इंग्रजीतला ‘मेंबर्स’चा ‘एस’ होय. ‘वन’ हा शब्द उचललेल्या एकाविषयी बोलतो आणि ‘ऑफ द’ नंतरचा शब्द ज्या ढिगातून उचलला त्या ढिगाविषयी बोलतो. ढीग एकाचा नसतो, म्हणून ‘वन ऑफ द मेंबर्स’.

आता, एवढी साधी गोष्ट असताना मुंबईतल्या दर दुसऱ्या फलकावर ‘वन ऑफ द मेंबर’, दर तिसऱ्या नोकरीच्या अर्जात ‘वन ऑफ द लीडिंग कंपनी’ आणि दर समारंभात ‘वन ऑफ माय बेस्ट फ्रेंड’ का दिसतो? ‘वन’ ऐकून कान एकवचनाच्या तयारीत बसतो, हे एक कारण झाले आणि ते सगळेच सांगतात. मला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. मराठीत आकारान्त सोडून बहुतेक पुल्लिंगी नामांचे सरळ रूप दोन्ही वचनांत सारखेच राहते. आंब्याचे आंबे होतात, परंतु एक सभासद येतो तसेच दहा सभासद येतात. एक दगड, ढीगभर दगड. एक लाडू, डबाभर लाडू. इंग्रजीतून घेतलेल्या शब्दांनाही आपण हीच वागणूक देतो : ‘मीटिंगला चारच मेंबर आले’, ‘तीन डॉक्टर बदलले’. त्यामुळे ‘मेंबर’ हा शब्द आपल्या कानाला अनेकवचन म्हणून मुळीच खटकत नाही. अनेकवचन दिसते ते प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागल्यावर, ‘मेंबरांनी’, ‘मेंबरांपैकी’ असे. इंग्रजीत मात्र तो शब्द तिथल्या तिथे, कुणाचा हात न धरता, स्वतःच्या अंगावर अनेकवचन वागवतो. तेव्हा तुमची चूक अज्ञानातून झाली असे मी मानत नाही. तुम्ही मराठी शब्दाला मराठी नियम लावला, एवढेच.

या कसोटीला एक पळवाट आहे, तीही सांगून टाकतो. आयात शब्दांवरचा अनुस्वार बोलण्यात गळून जातो आणि ‘दोन लिफ्टपैकी एक बंद आहे’ असे आपण सर्रास म्हणतो. तिथे अनुस्वार शोधायला जाल तर सापडणार नाही. अशा वेळी मनातल्या मनात मराठी शब्द घालून पाहावा. शासकीय मराठीत लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात. हा शब्द मी आजवर एकाही माणसाला लिफ्टची वाट पाहताना उच्चारताना ऐकलेले नाही, पण ‘उद्वाहनांपैकी एक’ असे मनात म्हटले की अनुस्वार पुन्हा जागेवर येतो. त्या शब्दाचा तेवढा तरी उपयोग होऊ द्या.

‘द’ विषयीही दोन शब्द. ‘वन ऑफ मेंबर्स’ असे लिहू नये. तिथे ‘द’, ‘अवर’, ‘दीज’, ‘माय’ यांपैकी काहीतरी हवेच, कारण ढीग ओळखीचा असावा लागतो. आणि ज्या इंग्रजी शब्दांना अनेकवचनच नसते, त्यांच्या वाटेला या रचनेतून जाऊ नये. ‘वन ऑफ द फर्निचर’ चालत नाही आणि ‘वन ऑफ द फर्निचर्स’ तर त्याहून नाही. सरळ ‘वन ऑफ द चेअर्स’ म्हणावे. ‘इक्विपमेंट’ असेल तर ‘वन ऑफ द मशीन्स’, ‘कॉरस्पॉन्डन्स’ असेल तर ‘वन ऑफ द लेटर्स’ लिहावे. कर्मचाऱ्यांपैकी कोणाविषयी लिहायचे असेल तर ‘अ मेंबर ऑफ द स्टाफ’ हे सर्वांत सुटसुटीत.

आता दुसरी सूचना. ‘वन ऑफ द लिफ्ट्स इन बी विंग आर अंडर रिपेअर’ यात तुम्ही पहिला धडा नको तितका मनावर घेतला. क्रियापदाचा मालक ‘वन’ आहे. ‘ऑफ द लिफ्ट्स इन बी विंग’ हा सगळा लवाजमा त्याच्या मागे चालणारा आहे. दुरुस्तीला एकच लिफ्ट काढली आहे, म्हणून ‘इज’. लिहिताना घोळ होतो तो क्रियापदाच्या अगदी जवळ, कधी कधी लागूनच, एक अनेकवचनी शब्द बसलेला असतो म्हणून. वाक्य जितके लांब, तितका हा धोका अधिक. ‘वन ऑफ द टू लिफ्ट्स इन बी विंग, इन्स्टॉल्ड अलाँग विथ द वॉटर पंप्स अँड द फायर पंप्स’ इथपर्यंत पोचेस्तोवर इतके पंप येऊन जातात की ‘आर’ आपोआप लेखणीतून उतरतो. असे वाक्य लिहून झाले की मधला भाग बोटाने झाकावा आणि फक्त ‘वन’ व क्रियापद वाचावे. मी फोर्टमधल्या एका कार्यालयात अनेक वर्षे इंग्रजी मसुदे तपासत असे आणि माझ्या टेबलावर या कामासाठी सहा इंची पट्टी असे. पट्टी ठेवायची, दोन्ही बाजूंना उरलेले वाचायचे. एकदा वरिष्ठांच्या मसुद्यावर पट्टी न ठेवता घाईने सही घेतली आणि ‘वन ऑफ द टेंडर्स वेअर रिजेक्टेड’ असे वाक्य सहा प्रतींत बाहेर गेले. एक निविदा नाकारली की अनेक, असा खुलासा मागणारे पत्र चार दिवसांत आले. त्या पत्राचे उत्तरही मलाच लिहावे लागले.

सूचनांत माणसांविषयी लिहिताना आणखी एक सापळा असतो आणि तो खास आपला आहे. ‘आपल्या सभासदांपैकी एक, सातव्या मजल्यावरचे काका, गावी गेले आहेत’ हे वाक्य पाहा. काका एकच आहेत, पण ‘गेले आहेत’ हे आदरार्थी अनेकवचन आहे, आणि ज्येष्ठ माणसाविषयी ‘गेला आहे’ असे लिहिण्याची आपली प्राज्ञा नाही. हाच आदर नकळत इंग्रजीत उतरतो आणि ‘वन ऑफ अवर सीनियर मेंबर्स हॅव गॉन’ असे वाक्य तयार होते. इंग्रजी क्रियापद वयाचा किंवा मानाचा असा मुलाहिजा ठेवत नाही. राष्ट्रपती असोत की वॉचमन, एकाला ‘हॅज’च. वास्तविक इंग्रजांनीही हा उद्योग एकेकाळी केला होता : ‘दाऊ’ हे एकवचन आणि ‘यू’ हे अनेकवचन होते, आणि आदर म्हणून एकालाही ‘यू’ म्हणता म्हणता ‘दाऊ’ व्यवहारातून गेले. एका माणसाला आपण आज ‘यू आर’ म्हणतो ते त्यामुळेच. पण तो आदर ‘यू’पाशीच थांबला, तृतीय पुरुषात तो आला नाही.

‘ईच ऑफ द मेंबर्स’, ‘आयदर ऑफ द लिफ्ट्स’, ‘नायदर ऑफ द लिफ्ट्स’ यांनाही औपचारिक लेखनात एकवचनी क्रियापद द्यावे. ‘अ नंबर ऑफ मेंबर्स’ म्हणजे ‘कित्येक सभासद’, म्हणून ‘हॅव’. आणि ‘द नंबर ऑफ मेंबर्स’ म्हणजे ‘सभासदांची संख्या’, म्हणून ‘हॅज’. ‘मोअर दॅन वन मेंबर’ याचा अर्थ दोन तरी सभासद असा असूनही त्याला ‘हॅज’ लागते, कारण क्रियापद तिथे अर्थाला न जुमानता शेजारच्या ‘वन मेंबर’कडे पाहते. यात तर्क शोधू नका. मी शोधला होता.

खरा रस आहे तो तुमच्या तिसऱ्या वाक्यात. ‘अवर बिल्डिंग इज वन ऑफ द बिल्डिंग्ज इन द लेन दॅट हॅव कम्प्लीटेड थर्टी इयर्स.’ त्या मुलीने दुसऱ्या वेळचा नियम बरोबर लक्षात ठेवला, ‘वन’ आले की क्रियापद एकवचनी, आणि तो इथे लावला. पण या वाक्यात क्रियापदे दोन आहेत. ‘वन’शी नाते असलेले क्रियापद ‘इज’ हे आहे आणि ते एकवचनीच आहे. ‘हॅव’ हे ‘दॅट’च्या मागून येते, आणि ‘दॅट’ इथे कोणाच्या जागी उभे आहे, हाच प्रश्न आहे. तीस वर्षे कोणाला पूर्ण झाली? गल्लीतल्या पुष्कळ इमारतींना झाली, आणि त्यांतली एक तुमची. वाक्य मराठीत उलटून पाहा : ‘तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींपैकी आमची एक आहे.’ इथे मराठी शब्दक्रम मोठा उपकार करतो. ‘पूर्ण झालेल्या’ हे विशेषण थेट ‘इमारतींपैकी’ला चिकटून बसते, ते ‘एक’ला लागते की ‘इमारतीं’ना, अशी शंका घ्यायला जागाच उरत नाही. इंग्रजीत तोच मजकूर शेवटी, दोन्ही शब्दांपासून दूर, लोंबकळत राहतो आणि म्हणून भांडण होते. ‘दॅट’च्या जागी ‘बिल्डिंग्ज’ आहे, म्हणून ‘हॅव’.

तुमच्या समाधानासाठी हेही सांगतो की या जागी ‘हॅज’ लिहिणारे नामवंत इंग्रजी लेखक कमी नाहीत आणि इंग्रजी जाणकारांत यावरची हुज्जत जुनी आहे. बोलताना ‘हॅज’ निघून गेले तर कोणी तुम्हांला अडवू नये. परंतु कार्यालयात जाणाऱ्या पत्रात मी ‘हॅव’चाच आग्रह धरीन, आणि त्याला केवळ व्याकरण हे कारण नाही. समजा, वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात एका गाळ्याविषयी लिहायचे आहे. ‘ही इज वन ऑफ द मेंबर्स हू हॅव नॉट पेड द मेंटेनन्स’ याचा अर्थ थकबाकीदार अनेक आहेत आणि हे त्यांतले एक. ‘ही इज द ओन्ली वन ऑफ द मेंबर्स हू हॅज नॉट पेड द मेंटेनन्स’ याचा अर्थ सगळ्यांनी भरले, हे एकटेच राहिले. दुसऱ्या वाक्यात ‘हॅज’ बरोबर आहे, कारण ‘द ओन्ली’ आल्याबरोबर न भरण्याचा दोष त्या एकट्यावर येतो. मराठीत ‘न भरणारे ते एकटेच’. हा फरक ज्या गृहस्थाविषयी लिहिले आहे त्याला विचारा, म्हणजे एका ‘हॅज’चे वजन कळेल. इतिवृत्त उद्या उपनिबंधकांच्या कार्यालयात वाचले जाऊ शकते, तेव्हा ते लिहिणाऱ्याने ‘एकटेच’ आणि ‘पैकी एक’ यांची सरमिसळ करू नये.

तुमच्या समितीत एखादे वकील असतील तर ते म्हणतील की १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३ नुसार एकवचनात अनेकवचन येते आणि अनेकवचनात एकवचन, मग एवढा कीस कशाला? ते कलम खरे आहे. मात्र ते अधिनियमातील शब्दांचा अर्थ लावण्यासाठी आहे, आणि तेही संदर्भाला बाध येत नसेल तरच. पंप रूमसमोरच्या गाडीच्या सूचनेला त्याचा आधार घेता येणार नाही.

वॉर्ड ऑफिसच्या पत्राबद्दल मला एक वेगळीच शंका आहे : ते इंग्रजीत का? पी दक्षिण विभाग कार्यालयाचे काम मराठीत चालते आणि मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३५३ ब अन्वये ३० वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीविषयीचे पत्र तुम्ही मराठीत लिहिलेत, तर ते वाचणाऱ्याला अधिक सोयीचे होईल आणि ‘हॅव’ की ‘हॅज’ हा प्रश्नच उद्भवणार नाही. ‘आमच्या गल्लीतील ज्या इमारतींना ३० वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यांपैकी आमची एक आहे’ एवढे पुरे. इंग्रजी भाषांतर सभासदांच्या माहितीसाठी फलकावर लावा.

आणि गाडीच्या सूचनेविषयी, खरे सांगायचे तर, ‘वन ऑफ द मेंबर्स’ची तिथे गरज नव्हती. मराठीत तुम्ही सहज ‘एका सभासदाने’ असे म्हणाल. इंग्रजीतही ‘अ मेंबर’ पुरेसे आहे. ‘वन ऑफ द’ तेव्हा वापरावे जेव्हा त्या गटाला काही अर्थ असतो : दोनपैकी एक लिफ्ट, समितीच्या नऊ सदस्यांपैकी एक, गल्लीतल्या जुन्या इमारतींपैकी एक. मुंबईतल्या फलकांवर ‘वन ऑफ द मेंबर्स’चा उपयोग बहुधा नाव न घेता नाव घेण्यासाठी होतो. गाडी कोणाची, हे वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असते आणि ती सूचना वाचत उभे असलेले गृहस्थही मान डोलावून पुढे जातात. ‘हिज कार’मधले ‘हिज’ही अनावश्यक आहे, गाडी बाईंची असली तर आणखी एक लाल खूण व्हायची. म्हणून मी ती सूचना अशी लिहिली असती : ‘अ कार हॅज बीन पार्क्ड इन फ्रंट ऑफ द पंप रूम. द ओनर इज रिक्वेस्टेड टू रिमूव्ह इट बाय सिक्स धिस इव्हनिंग, ॲज द टँक इज टू बी क्लीन्ड टुमॉरो.’ टाकी धुण्याची गोष्ट मी माझ्या पदरची घातली आहे. तुमचे जे कारण असेल ते लिहा, पण कारण आणि वेळ लिहा. लिफ्टची सूचना ‘वन ऑफ द टू लिफ्ट्स इन बी विंग इज अंडर रिपेअर’ अशी ठेवा. त्यात ‘टू’ मुद्दाम घातला आहे, म्हणजे दुसरी चालू आहे हे वरच्या मजल्यावरच्या आजींना फोन न करता कळेल.

पाचव्या मजल्यावरच्या मुलीला काही बोलावे की नाही, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्राच्या सुरातून तो प्रश्न ऐकू येतो. पुढचा मसुदा फलकावर लावण्याच्या आदल्या संध्याकाळी तिच्याकडे वाचायला पाठवा, सोबत लाल पेनही पाठवा. ती दुरुस्त्या करील, त्यांतल्या बहुतेक तुम्ही मान्य कराव्यात. गल्लीतल्या इमारतींचा मसुदा आधी दाखवा आणि ‘पूर्ण झालेल्या इमारतींपैकी’ हे मराठी वाक्य त्याखाली लिहून ठेवा. तिने तरीही ‘हॅव’वर काट मारलीच, तर तीस वर्षे नेमकी कोणाला पूर्ण झाली, एवढेच तिला विचारा.